दातांनी ऐकणारा म्हातारा

सन एकोणीसशे एकतीस. मी बावीस वर्षांचा होतो. शाळा मराठी दुसरीत सुटली, पण हत्यार हातात घेतलं की मला कोणी शिकवावं असं काही उरलेलं नाही, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. थोडी आजही आहे.

दाभोळच्या खाडीला लागून आमचं घर. वडलांचं एक गलबत होतं, ते कौलं आणि लाकूडफाटा भरून मुंबईला जायचं. पावसाळ्याआधी ते किनाऱ्यावर ओढायचं, वर माडाच्या झापांचं छप्पर घालायचं आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटायचं. त्याआधीचे पंधरा दिवस फटी भरणाऱ्याचे.

हे काम आता नातवंडांना सांगितलं तर कळत नाही. त्यांच्या बोटी फायबरच्या, फटच नाही तर भरणार काय? आमचं गलबत म्हणजे फळीला फळी लावलेली. दोहोंमध्ये केसाएवढी का होईना, फट राहतेच. तिच्यात तेलात भिजवलेल्या कापसाची वात घालायची, बोथट छिन्नी लावायची आणि लाकडी मोगरीने ठोकत ठोकत आत बसवायची. वरून उकळलेली राळ. मग गलबताच्या पोटाला चुना आणि माशाचं तेल. ऐकायला सोपं आहे. पण कापूस कमी पडला तर पाणी आत येतं, आणि जास्त ठासला तर लाकूड पाण्यात फुगल्यावर फळीच सुटून येते. किती ठोकायचं ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. ते एका म्हाताऱ्याच्या मनगटात होतं.

आम्ही त्याला आबा म्हणायचो. खाडीतली बहुतेक गलबतं त्याच्याच हातची. जन्मभर मोगरीचा आवाज कानाशी घेऊन तो ठार बहिरा झाला होता, आणि तरी तो गलबत ऐकायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मीही खोटं म्हटलं असतं. काम संपलं की तो शिसवीची हातभर काठी काढायचा. तिचं एक टोक आतल्या बाजूने फळीला टेकवायचा, दुसरं दातांत घट्ट धरायचा, आणि बाहेरून दुसऱ्याला मोगरीने हलके ठोके मारायला लावायचा. ठोका लाकडातून काठीत, काठीतून दातांत, दातांतून डोक्यात. डोळे मिटून तो सांगायचा, इथे खिळा सैल आहे, इथे किडीने घर केलंय. फळी उघडून बघावी तर तसंच. पुढे मुंबईच्या गोदीत मी मोठमोठे साहेब पाहिले, यंत्रं पाहिली. पण त्या काठीपुढे जसा गप्प झालो तसा कुठेच झालो नाही.

त्या साली गलबताच्या उजव्या अंगाची एक फळी मी एकट्याने बदलली होती. तिचा जोड असा बसला होता की वडील येणाऱ्याजाणाऱ्याला नेऊन दाखवायचे. पौर्णिमेच्या तीन दिवस आधी दुपारी आबा काठी घेऊन तिथवर आला. मी बाहेरून ठोकत होतो. पहिल्याच ठोक्याला आतून हाक आली, पुन्हा ठोक. पुन्हा ठोकलं. मग तो गलबताच्या काठावरून वाकून म्हणाला,

"तुजी फळी चांगली हाय रं. तिला धरून हाय ती बरगडी आतून मेलीय."

मला राग आला. बरगडी म्हणजे फळ्या ज्यावर ठोकतात ते आतलं वाकडं लाकूड. ती माझ्याहून जुनी, वरून तेलचुन्याचा जाड लेप, कुठे एक चीर नाही. मीच तिच्यात खिळे ठोकले होते. ते जरा सहज गेले होते हे मला आठवत होतं, पण ते मी माझ्या हाताच्या कसबात जमा केलं होतं. खाली उभे असलेले वडील मात्र खाडीच्या तोंडाकडे बघू लागले. पहिल्या खेपेला तेच जाणार होते, बरोबर चार खलाशी. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाटा आपटतात, तिथे फळी सुटली तर माणूस हाती लागत नाही. आणि फळी उतरवायची तर पौर्णिमा चुकणार, सगळ्या बंदराची गलबतं जाणार आणि आमचं एकटं झापांखाली राहणार.

आबाने वाद घातला नाही. त्याने मला आत बोलावलं, काठी माझ्या हातात दिली, आणि मोगरी घेऊन स्वतः बाहेर गेला.

मी काठी दातांत धरली. तेलाची चव आली. आधी त्याने शेजारच्या फळीवर ठोका मारला, आणि कपाळाच्या आत कोणी घंटा वाजवावी तसा तो आवाज माझ्या डोक्यात फिरला. कानाने नाही, हाडाने ऐकला. मग मी काठी माझ्या फळीवर धरली. ठोका पडला, आणि ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा तिथेच बसला. बंद लाकडाच्या पोटात काय आहे ते मला कळलं होतं.

वडलांनी खालून विचारलं, काय आलं.

"दोन्ही सारखंच," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा मोकळा झाला. मग पौर्णिमेलाच लोटू, म्हणाले, आणि खलाशांना सांगायला निघून गेले. आबा आत आला, काठी घेतली, पंच्याला पुसली.

"माजे कान गेलेत, डोळे नाय," तो हळू म्हणाला. "तुजा रंग उडालाय, तो मी आत येताच बघितला."

मी खोटं बोललो हे वडलांना त्याने एका शब्दाने सांगितलं नाही. हत्यारं पिशवीत भरली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी पहार घेऊन किनाऱ्यावर गेलो. एकेक खिळा उपसला, माझी ती फळी खाली उतरवली आणि मागच्या बरगडीत बोट दाबलं. दोन पेरं आत गेलं. तिथला भुसा मुठीत भरून घरी आलो. वडील चुलीपुढे पेज पीत बसले होते. त्यांच्या पुढ्यात मूठ उघडली आणि म्हणालो, "बाबा, काल मला ऐकू आलं होतं."