साहेबांचं पाणी

मलकापूरहून अवेळी फोन आला की तो मांजराचाच असणार, हे आमच्याकडे ठरून गेलं होतं. त्यामुळे त्या सकाळी कणीक मळताना फोनवर वहिनीचं नाव दिसलं, तेव्हा मी पिठाच्या हातानेच तो उचलला आणि आधी विचारलं, "साहेबांची लघवी परत अडकली का?" वहिनी म्हणाली, "न्हाई वन्सं... तुमचं अण्णा गेलं." मला ते कळायलाच वेळ लागला. मी मनातून मांजराच्या बातमीला तयार होते. त्याला कुठे पुरतील, अण्णा दोन दिवस जेवेल की नाही, इथपर्यंत माझा विचार जाऊन पोचलाही होता, आणि आता तो विचार तिथून उचलून अण्णावर कसा आणायचा ते सुचेना. साताऱ्याहून निघाल्यापासून एसटीत मी रडले नाही, नुसती खिडकीबाहेर बघत बसले. आज काही आठवडे उलटून गेले, पण तो गोंधळ पुरता गेलेला नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि कराडला लागून असलेल्या मलकापुरात त्याने घर बांधलं. आमचं मूळ गाव कवठे महांकाळकडचं. तिकडे वडिलोपार्जित रान होतं, भावकी होती, पण अण्णाने मलकापूर निवडलं ते एकाच कारणासाठी. तिथे नळाला दिवसभर पाणी असतं. घर बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने ना देवघर दाखवलं ना गच्ची, मला सरळ नळापाशी नेलं, चावी फिरवली आणि म्हणाला, "बघ. कवाबी सोड, येतंय." आणि मी नीट बघायच्या आत चावी घट्ट बंद करून टाकली.

आमचं लहानपण टँकरच्या वाटेकडे डोळे लावून गेलं. आई-वडील रानात असायचे आणि घरातल्या पाण्याची राखण अण्णाकडे असायची. राखण म्हणजे अगदी राखणच. अंघोळ घमेल्यात बसून करायची आणि ते पाणी शेवग्याच्या बुडात ओतायचं. प्यायला पेला भरून मागितला तर अर्धा मिळायचा. एकदा मी त्यातलंही घोटभर तसंच ठेवून खेळायला पळाले, तर संध्याकाळी तोच पेला त्याने माझ्यापुढे आणून ठेवला. "घेतलं हुतंस न्हवं? मग पी." मी रडत प्याले. आई म्हणाली, "आरं, असू दे की," तरी तो हलला नाही. मोठेपणीही हा स्वभाव सुटला नाही. माझ्या घरी आला की आधी सगळ्या नळांवरून हात फिरवायचा, आणि पाहुण्यांना अर्धाच पेला भरून द्यायचा, लागलं तर परत मागतील म्हणून. आम्ही त्याची टिंगल करायचो, आणि त्याचा त्याला राग येत नसे.

मांजर वहिनीने आणलं. पिवळं, चांगलं गुबगुबीत पिल्लू. अण्णाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "उंदीर न्हाईत घरात, मग ह्याला काय हजेरी लावायला ठेवायचं?" असं म्हणून तो पेपरात तोंड घालून बसला. पण त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर बोका एकदा जो ऐटीत बसला तो उठेचना, तेव्हा नाव मात्र अण्णानेच ठेवलं... साहेब. सगळा जन्म साहेबांपुढे उभं राहण्यात गेला, आता घरातही एक साहेब आला, असं तो सगळ्यांना सांगायचा. बोलताना त्याला अहोजाहो करायचा. दोघांचं नातं तेवढ्यावरच थांबलं असतं, पण साहेबांची लघवी बंद झाली.

आधी कुणाला काही कळलं नाही. बोका वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, उठायचा, परत बसायचा. मग कुंडीत, मग मोरीत, मग चक्क अण्णाच्या चपलांवर. वहिनीला वाटलं पोट साफ होत नाही, तिने भातात तूप घातलं. अण्णा म्हणाला, "नाटकं हायत." दुसऱ्या दिवशी साहेब ओकायला लागले, पोटाला हात लावू देईनात आणि ओरडू लागले. त्याला टोपलीत घालून नेलं तर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं आणि लगेच टेबलावर घेतलं. बोक्यांची लघवीची वाट फार बारीक असते, त्यात खडे नाहीतर चिकट गाळ अडकला की सगळं तुंबतं आणि विष अंगात भिनतं, अजून एखादा दिवस गेला असता तर हाती लागला नसता, असं त्यांनी सांगितलं. भूल दिली, नळी घातली, सलाईन लावलं. अण्णाने विचारलं, "पुन्ना हुईल का?" त्या म्हणाल्या, "होऊ शकतं, काका. कोरडं खाणं बंद करा, घरात शांतता ठेवा, आणि पाणी... जितकं पोटात जाईल तितकं चांगलं."

हे सांगितलं कुणाला, तर आमच्या अण्णाला!

त्यानंतर मी मलकापूरला गेले आणि दारातच माझा पाय वाटीत पडला. पुढे बघते तर घरभर पाणी. पलंगाशेजारी काचेचा वाडगा, टीव्हीखाली पितळी वाटी, स्वयंपाकघरात दोन, खिडकीत एक. मांजराला मिशा कडेला लागलेल्या आवडत नाहीत म्हणून सगळी भांडी पसरट. दिवसातून कितीदा तरी अण्णा ती उचलायचा, विसळायचा आणि ताजं पाणी भरायचा. कोंबडीचं आळणी, बिनमीठ-मसाल्याचं पाणी, स्वतः शिजवायचा, त्यात कांदा-लसूण पडू नये म्हणून वहिनीला चुलीजवळ येऊ द्यायचा नाही. हे सगळं मी हसून बघितलं. पण मोरीकडे गेले तर बेसिनचा नळ सुरू होता. बारीक धार लागलेली, आणि साहेब बेसिनच्या कडेला बसून जीभ लावताहेत. मी सवयीने चावी बंद करायला हात पुढे केला, तर मागून अण्णा ओरडला, "ऱ्हाऊ दे!"

मला राग आला. खरं सांगते, बोक्याचा आला. आईने सगळा जन्म पाणी तांब्याने मोजून काढला, माझ्या घशाखाली अर्धा पेला उतरला, आणि हा इथे वाहत्या धारेला तोंड लावून बसलाय. मी अण्णाला तसं बोललेही. "आमच्या वेळी कुठं गेला होता रे हा नळ?" त्याने चिडून काहीतरी म्हणावं अशी माझी इच्छा होती. तो बोक्याकडेच बघत होता. तसाच बघत म्हणाला, "त्यास्नी तहान कळत न्हाई गं. आपल्याला कळत हुती." त्याला नेमकं काय म्हणायचं होतं? आपल्याला तहान कळत होती म्हणून आपण निभावलं, की कळत होती म्हणून जास्त सोसलं? मी विचारलं नाही. आम्ही चहा घेतला.

साहेबांची रोजची खबर मला फोनवर मिळू लागली. "सकाळी दोनदा जाऊन आलं. गोळा लिंबाएवढा." दुकानातली वाळू ओली झाली की तिचा गोळा होतो, त्या गोळ्यावरून किती झाली ते कळतं, हे सगळं मला तोंडपाठ झालं. मी शिकवते त्या शाळेत बाकीच्या शिक्षिकांच्या घोळक्यात बसून मी असले फोन घ्यायचे आणि त्यांना वाटायचं भाऊ कुण्या मोठ्या अधिकाऱ्याच्या सेवेत आहे. रोज सकाळी अण्णा मोरीच्या दाराशी लाल प्लास्टिकचं स्टूल टाकून बसायचा. आत साहेब वाळू उकरायचे. मग उकरणं थांबायचं, आणि अण्णाचं बोट वर जायचं... गप. वहिनीने भांडं आपटायचं नाही, मी चमचा हलवायचा नाही. परत खरखर सुरू झाली, म्हणजे साहेब काम उरकून वाळू ओढायला लागले, की बोट खाली यायचं आणि घर बोलायला लागायचं. माझ्या भावाच्या चेहऱ्यावर तेवढ्या वेळात जे यायचं ते मी त्याच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

अण्णा गेला तो त्याच स्टुलावर. भिंतीला पाठ टेकून, मान कलती. वहिनी मागून दोनदा गेली-आली. तिला वाटलं वाळूचा कानोसा घेतोय, म्हणून ती पाय न वाजवता गेली. "मी चहाबी कपात वतला न्हाई वन्सं... आवाज हुईल म्हणून." हे वाक्य ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

दहाव्याला कराडच्या संगमावर बरीच माणसं होती. पिंड ठेवला, सगळे मागे सरले. घाटावर कावळा शिवेना म्हणजे काय होतं ते आपण पाहिलेलं असतं. मग एकेक जण पुढे होतो, बायकोचं बघतो, पोरांचं बघतो, असं म्हणत राहतो. मी माझं वाक्य तयार ठेवलं होतं. दुसरं कुणी म्हणणार नाही याची खात्री होती, आणि लोक हसतील याचीही. अण्णा, साहेबांचं मी बघते. पण अजून आम्ही नीट मागे सरलोही नव्हतो तोच कावळा उतरला. भात उचलून गेला. सगळ्यांना हायसं वाटलं. एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "लय सुखी जीव. मागं कशात गुतला न्हाई." मी तोंडातलं वाक्य तोंडातच घेऊन उभी राहिले. कशातच नाही? मग त्या वाट्या, ती धार, ते वर गेलेलं बोट, हे काय होतं? मला भावाचा अभिमान वाटायला हवा होता आणि मला तर फसवल्यासारखं वाटत होतं.

घरी आलो तर माणसांची गर्दी. इतक्या दिवसांत पाण्याची भांडी कुणीतरी घासून मांडणीवर पालथी घातली होती. मोरी भांड्यांना मोकळी हवी म्हणून वाळूचा ट्रे गच्चीवर गेला होता. बेसिनचा नळ घट्ट बंद. मी साहेबांना शोधलं, तर ते मोरीच्या कोपऱ्यात, ट्रे असायचा त्या जागी, कोरड्या फरशीवर बसलेले. पाठ वाकवून, डोळे मोठे करून. थेंब नव्हता. मी काही विचार केला नाही. दहाव्याची साडी तशीच, साहेबांना टोपलीत कोंबलं आणि रिक्षा केली. मागे कुणीतरी म्हणालं, "आवं, आजच्या दिवशी मांजर कुठं?"

डॉक्टरीणबाईंनी टोपली ओळखली. "काका नाही आले?" मी नुसती मान हलवली. त्यांचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू लागले. भूल चढली, बारीक नळी आत गेली, अडकली, त्यांनी पिचकारीने सलाईन सोडत ती हळूहळू पुढे ढकलली. मी साहेबांचे पाय धरून उभी होते. मला मांजर आवडत नाही, आजही फारसं आवडत नाही. पण त्या वेळी मी कुणाकडे काय मागत होते ते मला माहीत आहे. नळीतून लालसर पाणी आलं, वाडग्यात पडत राहिलं, आणि मी तिथे रडले. अण्णाची बातमी आल्यापासून पहिल्यांदाच.

वहिनी आता मुलाकडे पुण्याला आहे. भाड्याच्या घरात तिथे जनावर चालत नाही. साहेबांना गावाकडे मळ्यात सोडू, उंदीर खाऊन जगतील, असं ठरत आलं होतं. तेव्हा मी म्हणाले, "मी नेते." संगमावरचं वाक्य ते हेच, पण कावळा जाऊन तेव्हा कितीतरी वेळ झाला होता. तो इतक्या लवकर का आला? साहेबांचं मी बघेन अशी अण्णाला खात्री होती म्हणून, की खरंच त्याचं मागे काही उरलं नव्हतं? मी दोन्ही बाजूंनी विचार करते. अर्धा पेला पुढे धरणारा आणि नळ वाहता ठेवणारा हे एकाच माणसाचे हात होते, तेही मला अजून जुळवता आलेलं नाही.

साताऱ्याच्या माझ्या घरात आता दारातच वाडगा आहे. पलंगाशेजारी एक, खिडकीत एक. नळाची धार मी सोडते, पण खाली बादली ठेवते आणि ते पाणी कुंड्यांना घालते; तेवढं माझं सुटत नाही. मलकापूरहून येताना वहिनीने विचारलं, अण्णाची आठवण म्हणून काय नेता, तर मी लाल स्टूल मागून घेतलं. ते मोरीच्या दाराशी आहे. सकाळी मी त्यावर बसते. आत वाळू खरखरते, मग थांबते. घरात मी एकटीच असते, भांडं वाजवायला कुणी नसतं. तरी माझं बोट वर जातं... गप.