नर्मदाकाकीच्या बागेतला पातेरा

वालावलला आमच्या वाडीत नर्मदाकाकीच्या पोफळीच्या बागेइतकी लखलखीत बाग दुसरी नव्हती. पान पडलं की काकी वाडवण, हिरांचा खराटा, घेऊन हजर. झाडून काढलेला पातेरा, म्हणजे वाळका पाला, ती भाताच्या रोपांचा तरवा पेरायची जागा भाजायला नेई. भाजावळीला पाला सगळेच नेतात, पण काकी बागेत काडीसुद्धा ठेवत नसे. शेजारची माझी बाग बघून वर नाक मुरडायची. मला तिच्या झाडलोटीचा भारी वैताग होता.

एवढं करूनही तिच्या पोफळी झुरत चालल्या होत्या. जमीन चोपलेल्या खळ्यासारखी टणक. पाऊस पडला की लाल पाणी थेट व्हाळात, ओढ्यात. कोवळी सुपारी टपाटप गळायची. मुलगा सत्यवान गोव्यात नोकरीला. तो म्हणाला, "आये, पोफळी तोडूया. पर्यटकांसाठी खोल्यो बांधूया." झाडं काकीच्या नवऱ्याने लावलेली. तो गेल्यापासून ती त्यांच्याशीच बोलायची. पण मुलाला नाही म्हणणं तिला जमलं नाही.

त्यातच काकी शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. दोन पावसाळे ती घरातच. सत्यवानला वेळ नव्हता, आणि मी कशाला झाडतेय! पातेरा साचला, भिजला, कुजला.

शेवटी झाडं तोडणारा माणूस ठरला. आदल्या संध्याकाळी काकी काठी टेकत झाडांचा निरोप घ्यायला निघाली, सोबत मी. बागेची दशा बघून तिने आधी मला दोन शिव्या हासडल्या. तेवढ्यात तिची काठी जमिनीत रुतली.

"अगो, हंय तर कुदळ रुतत नाय होती!"

ती खाली बसली आणि हाताने पाला बाजूला केला. खाली काळी, भुसभुशीत माती. गांडुळांनी वर काढून ठेवलेल्या मातीच्या बारीक गोळ्या, हात लागताच वेटोळं करणारे पैसे किडे, मुंग्यांची लगबग. पाला खाऊन त्यांनी त्याचं खत केलं होतं, आणि त्यांच्या बिळांतून पाऊस मुळांपर्यंत मुरला होता. काकीने वर पाहिलं. पोफळींना हिरव्या सुपारीचे घोस धरले होते.

"मी तेंचा जेवाण जाळी होतंय गो," काकी रडायलाच लागली. "तरी तेंनी माझी बाग राखल्यानी."

तोडणीसाठी गोव्याहून आलेला सत्यवान कुदळ घेऊन आला. एकाच घावात कुदळ आत गेली; त्याने ओंजळभर माती उचलून बघितली. मग तोडणाऱ्याला फोन करून त्याने येऊ नको म्हणून सांगितलं.

काकी चालायला लागली म्हणून घरी देवापुढे नारळ ठेवला. वाडीतले महादूआजोबा गाऱ्हाणं, सगळ्यांच्या वतीने देवाला विनवणी, घालायला उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, नर्मदेचो पाय बरो केलंस..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

गाऱ्हाण्यात मध्ये कुणी बोलत नाही. काकी बोलली. "तेंचा सांगूचा ऱ्हवला!"

"कोणाचा गो?" आजोबांनी विचारलं.

"पातेऱ्याखाली ऱ्हवतत तेंचा."

आजोबांनी एकवार तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा हात जोडले. "आणि बा म्हाराजा, जमनीत ऱ्हवान हिची बाग राखणारे जे कोण आसत, तेंचो वंश वाढू दे. तेंच्या घराक परत आग लागूक देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!" सत्यवान सगळ्यांच्या आधी ओरडला.