डोहात पाच पोती टीसीएल

"मॅडम, कंपनीचं केमिकल हाय हे! लिवून घ्या आधी!"

मी गाडीतून पुरती उतरलेही नव्हते. ओरडणारे होते सरपंच आप्पा. दौंड तालुक्यातलं भीमेकाठचं हे गाव. नाव मुद्दाम सांगत नाही. नदीची आणि तिच्यातल्या जिवांची पाहणी करणं ही माझी नोकरी. देवळाखालच्या डोहात या गावानं कधी कुणाला गळ टाकू दिला नाही. म्हणून खडस, म्हणजे मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा, आमच्या पट्ट्यात फक्त इथंच उरला होता.

तेच मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. हात हात लांबीचे! आप्पांनी लहानपणापासून फुटाणे टाकून वाढवलेले मासे हे. आप्पा एकीकडे उपरण्यानं डोळे पुसत होते, दुसरीकडे रांजणगावच्या कंपन्यांना शिव्या घालत होते.

मी ओंजळभर पाणी नाकाशी नेलं. शहरात नळाला येतो ना, तोच वास! लगेच किट काढून ओटी टेस्ट केली. पाण्यात क्लोरीन असेल तर या टेस्टला पाणी पिवळं होतं. इथं ते चक्क केशरी झालं, म्हणजे क्लोरीन भलतंच जास्त. किट खराब असेल म्हणून पुन्हा केली. पुन्हा तेच.

"आप्पा, डोहात टीसीएल कुणी टाकलं?" टीसीएल म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती ब्लीचिंग पावडर.

"आम्हीच की! परवा यात्रा हाय. एवढी माणसं आंघोळीला उतरणार, पाणी शुद्ध नको व्हय? पाच पोती वतली काल."

"पाच पोती?" मी किंचाळलेच. "अहो, मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. क्लोरीननं कल्ले जळतात त्याचे. तुम्हीच मारलेत की हो!"

आप्पा मटकन पायरीवर बसले. शेजारचा पंचायत मेंबर मात्र हलला नाही. "मॅडम, रिपोर्टात कंपनीच लिवा. मोर्चा ठरलाय आमचा. ते काय धुतल्या तांदळाचे हायत व्हय?"

"नसतील. पण हे त्यांनी केलेलं नाही," मी म्हटलं. मला त्या माणसाची कमालच वाटली.

कडेला काही मासे अजून तोंड वासत होते. ते वाचवायचे तर ताजं पाणी हवं, आणि ते वरच्या बंधाऱ्यात अडवलेलं. बंधाऱ्याचे ढापे, म्हणजे पाणी अडवणारे लोखंडी पत्रे, काढावे लागणार होते. पाटबंधारेच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "गावाची हरकत नसेल तर काढा."

मेंबर उसळला, "आन् आमच्या उसाचं काय?"

"माझाबी ऊस हाय तिथं," आप्पा उठले. "वाळंल तर वाळू दे. काढा ढापे."

पाणी आलं. लहान मासे बरेच तगले. मोठ्यांतला एकही वाचला नाही.

यात्रेच्या दिवशी मी पुन्हा गेले. आप्पांनी माइक हातात घेतला. "यंदा डोहात कुणी उतरायचं न्हाई. मासं कंपनीनं न्हाई मारलं. म्या मारलं." मी तर बघतच राहिले. निवडणूक तोंडावर आलेला सरपंच होता हो तो!

आता मेलेल्या माशांचा फोन आला की मी जवळ कंपनी कुठली, हे नंतर विचारते. आधी विचारते, गावात यात्रा कधी आहे?