गुडघा आणि पडद्यावरचा डोंगर

रविवार, २ फेब्रुवारी २०२५, सकाळी सव्वाअकरा. माझ्या गेमचा कंट्रोलर मी पहिल्यांदा आईच्या हातात दिला तो या वेळी. वेळ नेमकी ठाऊक आहे, कारण त्याआधी लगेच मी तिच्या गुडघ्याचा कोन मोजून नोंदवला होता: बासष्ट अंश. गुडघ्याचा सांधा बदलून तिला लाटंबार्श्याच्या घरी आणलं त्याला आठवडाही झाला नव्हता. म्हापशाच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, मार्च उजाडेपर्यंत पाय नव्वद अंशांत वाकायला हवा. नाहीतर पुन्हा भूल देऊन तो जबरदस्तीने वाकवावा लागेल. आईला शस्त्रक्रियेपेक्षा भुलीचीच धास्ती होती. पहिल्या खेपेला शुद्धीवर आल्यावर दिवसभर तिने मला ओळखलं नव्हतं.

माझा तर्क सरळ होता. टाच मागे सरकवताना ती रडवेली होते. लक्ष दुसरीकडे वळलं की वेदना कमी जाणवते. म्हणून व्यायाम करताना खेळायला द्यावं. खेळ मोठ्या मोकळ्या जगाचा होता. डोंगर, नद्या, ओसाड किल्ले, आणि एक घोडा. कुठेही जा, कुणीही अडवत नाही.

पहिल्याच दिवशी तिची चिलखतधारी नायिका एका फळझाडाखाली उभी राहिली ती हलेचना.

"आई, बटण दाबून फळ तोड ना."

"झाडावरचं कोण तोडता गो? पिकलं की पडतलं."

आमच्याकडे काजूचं फळ, बोंडू, तोडत नाहीत. झाडाने सोडला की खालचा उचलायचा, ही रीत. जन्मभर काजूच्या डोंगरावर वाकून बोंडू वेचलेल्या बाईने पडद्यावरच्या झाडालाही तीच सवलत दिली. पंधरा मिनिटं वाट पाहून ती म्हणाली, "ह्या गावात वारो येना काय गो?"

शेजारची काकी पेज घेऊन आली आणि दारातच थबकली. "गुडघो नवो घातलो तो समजलो. आता घोडोय नवो?"

"बस गे, तुकाय पाठीमागे घेतंय," आई म्हणाली.

आम्ही तिघी हसलो. तो आवाज घरात बऱ्याच दिवसांनी आला होता, आणि मी त्यालाच प्रयोगाचं यश मानलं.

खेळातला राजा वारंवार दूत पाठवी: राज्य संकटात आहे, त्वरित या. आई त्याला उत्तर देई, "राजाक सांग, वायच थांब," आणि पलीकडचा डोंगर चढू लागे. राजा थांबे. राज्य बुडत नसे. असे खेळ लोकांना का आवडतात, याचं स्पष्टीकरण मी आजवर पराक्रमात आणि बक्षिसांत शोधत होते. आईकडे पाहताना ते चुकीचं वाटू लागलं. या जगात उशिराला शिक्षा नाही. वाट सोडली तरी मूळ काम जिथल्या तिथे वाट पाहतं. मी तिला विचारलंही, त्या डोंगरावर आहे तरी काय?

"कायच नाय. पलीकडे काय दिसता तें बघूक गेल्लंय." मग पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "आमच्या डोंगरार मी भरलेली पाटी डोक्यार घेऊन उतरलंय. बघूक कधी चढलंय?"

मी आतल्या खोलीत माझ्या अर्जाकडे वळले. परदेशातल्या पीएचडीचा अर्ज अर्धवट होता. पेडण्याच्या औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेतून मी रजा घेतली होती ती आईसाठी, आणि वापरत होते ती अर्जासाठी. खेळ येण्यापूर्वी ती सारखी हाक मारी, "बाय, ये गो, टाच ढकल." आता हाक येत नव्हती. ती पाय स्टुलावर लांब करून बसे, पडद्यावर मैलोन् मैल चाले, आणि मी आतल्या खोलीत अर्जातला ‘संशोधनाचा हेतू’ चौथ्यांदा लिहून काढी. कंट्रोलरला दोन्ही हात लागतात. पायाला पट्टा लावून तो ओढायलाही दोन्ही हात लागतात. ही साधी अडचण मला पहिल्याच दिवशी दिसायला हवी होती. दिसलीही होती.

कोन मी मोजतच राहिले. अडुसष्ट, सत्तर, पुन्हा सत्तर. प्रयोगशाळेत एखादा आकडा असा अडून बसला असता तर मी तासाभरात कारण शोधलं असतं. इथे कारण मला माहीत होतं, आणि ते माझ्या सोयीचं होतं. मी कंट्रोलर मागितला नाही. अर्ज वेळेत गेला.

त्यानंतरच्या भेटीत फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाय वाकवून पाहिला आणि विचारलं, "घरी कोण करून घेतं?"

"पोर घेता," आई पटकन म्हणाली. "दिवसाला तीनदा. माझोच पाय हट्टी."

बाईंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, शाबासकीसारखी. ३ मार्चच्या सोमवारपर्यंत पाहू, नाहीतर भुलीची तारीख घेऊ, असं त्या म्हणाल्या. परतीच्या टॅक्सीत मी आईला विचारलं, खोटं का बोललीस?

"तुका ओरडतली म्हणान." मग तिने विचारलं, "तुझो अर्ज गेलो मा?"

त्या दिवसापासून मी खरोखर तीनदा बसू लागले. खेळ बंद ठेवला. तिने तो एकदाही मागितला नाही, आणि त्यामुळे मला अधिकच अपराधी वाटलं. तिला चालायला मिळालेली एकमेव जागाही मी माझ्या हिशेबाने दिली आणि माझ्याच हिशेबाने काढून घेतली. डोंगरावर बोंडू पडायला सुरुवात झाली होती. वेचायला काकी एकटीच जात होती.

२ मार्चच्या सकाळी, सोमवारच्या आदल्या दिवशी, मी तिची टाच दोन्ही हातांत धरली. तिने पदराचं टोक दातांत दाबलं. मी थांबले.

"दाब गो. भियेव नको."

मी दाबलं. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, पण तिने माझा हात दूर केला नाही. टाच आणखी सरकेना तिथे मी कोनमापक लावला, आणि चूक नको म्हणून पुन्हा लावला. एक्याऐंशी अंश. नव्वदला नऊ कमी.