डाव्या हाताची अक्षरं

बोर्डवाले अण्णा नवा मार्कर आणला की आधी ब्लेड शोधायचे. बाजारातल्या चपट्या टोकाच्या मार्करचा काप इंग्रजीसाठीचा, आपल्या देवनागरी अक्षरांना उलटा पडतो. जाड हवं तिथं बारीक, बारीक हवं तिथं फताडं. म्हणून ते टोक दुसऱ्या अंगानं तिरकं छाटून घ्यायचे. दुकानांच्या पाट्या, प्रशस्तिपत्रांवरची नावं, सगळं त्या छाटलेल्या टोकानं. एकदा कोन धरला की मनगट फिरवायचं नाही. चाळीस वर्षं माणूस त्या कोनातच जगला. बोलणंही तसंच, तिरकं.

लेक एकुलती एक, आणि डावरी. पाच वर्षांची असताना तिनं तो छाटलेला मार्कर डाव्या हातात धरून एक अक्षर काढलं. ते बेडकासारखं बसकं उमटलं. अण्णांनी डाव्या हातावर पट्टी ओढली आणि उजव्यानं गिरवायला बसवलं. बायको म्हणाली, जेवते तशी लिहू द्या की हो पोरीला. अण्णा म्हणाले, जेवायला कोन लागत नाही.

दहा वर्षं पोरीनं उजवा हात घासला. अक्षर काही वळेना. मग एक दिवस चार गिऱ्हाइकांच्या देखत अण्णा म्हणाले, "तुझ्या हातात अक्षर नाही. सोड."

तिनं सोडलं. पुढं लहान मुलांची शिक्षिका झाली, लग्न करून लांब गेली. माहेरी आली तरी अण्णांच्या टेबलाकडं फिरकायची नाही.

यंदा साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत लेक गेली. वय सदतीस. जावई फोटो घेऊन आला. खाली नाव तुम्हीच लिहा म्हणाला. अण्णा तीन दिवस लिहीत होते आणि फाडत होते. अक्षर एकेक कोरल्यासारखं, पण म्हणायचे, दुकानाची पाटी वाटतेय.

चौथ्या दिवशी जावयानं तिच्या वर्गातले तक्ते आणून दिले. अण्णांनी मुळाक्षरांचा तक्ता उलगडला आणि चष्मा पुसला. जाड तिथं जाड, बारीक तिथं बारीक. एक रेघ चुकलेली नव्हती.

"कुणी लिहिलंय?"

"तिनंच. शाळेतले सगळे तक्ते तीच लिहायची."

"मार्कर कुठल्या अंगानं छाटायची?"

जावई गोंधळला. "छाटायचा कशाला? दुकानातून आणायची तसाच. डाव्या हातानं लिहायची ना."

अण्णांनी तक्ता पुन्हा डोळ्यांजवळ धरला. उजव्या हातात उलटा पडणारा काप डाव्या हातात सुलटा पडतो, एवढंच होतं ते. पोरीला नुसता न छाटलेला मार्कर द्यायचा होता.

जावई सांगत होता, मी कितीदा म्हटलं, बाबांना दाखव. तर म्हणायची, नको, चुका काढतील.

तो गेल्यावर अण्णांनी नवा मार्कर काढला. ब्लेडला हात लावला नाही. तक्त्यावर पातळ कागद ठेवला, तिच्या नावातलं पहिलं अक्षर शोधलं आणि डाव्या हातानं गिरवायला घेतलं. रेघ भलतीकडंच गेली. दुसरा कागद, तिसरा, चौथा.

बायको दारात बसून बघत होती. पाचव्या कागदाला तिनं विचारलं, "पट्टी आणून देऊ?"

अण्णांनी मान वर केली नाही. "आण," म्हणाले.

ती जागची हलली नाही.