सुतकातल्या पेशी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी स्नायूंच्या पेशी वाढवत होते. उंदराच्या. तळहातावर मावेल अशा चपट्या प्लास्टिकच्या डबीत, गुलाबी द्रवाखाली त्या पसरलेल्या असत. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसायचं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्या आधी एकेकट्या, टोकदार दिसत, आणि मग दिवसागणिक एकमेकींच्या शेजारी सरकत, एकमेकींत मिसळत, त्यांचे लांबच लांब दोरे होत जात. दोन पेशींमधली भिंत नेमकी कधी नाहीशी होते, ते मला कधीच पकडता आलं नाही. काल दोन होत्या, आज एक आहे, एवढंच. ते बघत बसलं की बाहेर सकाळ आहे की दुपार, हेही विसरायला व्हायचं.

तो गुलाबी द्रव म्हणजे त्यांचं खाणं. एक दिवसाआड तो बदलावा लागे. "घातलंस का खायला?" असं आम्ही प्रयोगशाळेत एकमेकींना विचारायचो, आणि बाबांना हा प्रश्न फार आवडायचा. ते पोस्टातून निवृत्त झालेले. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात संध्याकाळी शब्दकोडं घेऊन बसत आणि मी आले की पेशींची चौकशी करत. डबीत पेशी दाटल्या की त्यातल्या थोड्या नव्या डबीत घालतात, त्याला पॅसेज म्हणतात. एकदा मी सांगितलं, "आज माझ्या पेशींचा चौदावा पॅसेज झाला."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "चौदा? आपल्याकडे एकच आहे, आणि तोही चपलांनी भरलाय."

ज्या सोमवारी बाबा गेले, त्या सकाळी मी पेशींना खायला घालत होते. पेशी वाढवायच्या खोलीत फोन न्यायचा नाही असा नियम होता, म्हणून तो बाहेरच्या ड्रॉवरमध्ये होता. पाऊण तासाने बाहेर आले तेव्हा आईचे नऊ फोन येऊन गेले होते. बाबा खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते.

त्या पाऊण तासात मी काय काय केलं, ते मला अजून बारीकसारीक आठवतं. डबी कलती धरून जुना द्रव काढला. नवा द्रव कडेने, भिंतीवरून, थेंबाथेंबाने सोडला, कारण घाई केली तर पेशींचा सगळा पापुद्रा सुटून वर तरंगतो. मी घाई केली नाही.

पुढचा खाण्याचा दिवस बुधवार. बरोबरची मुलगी बहिणीच्या लग्नाला गावी गेलेली. मार्गदर्शक बाईंचा निरोप आला होता, घरीच थांब, नंतर पुन्हा सुरू करू. पुन्हा सुरू करायचं म्हणजे ते वर्ष जाणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण खरं सांगायचं तर मला सुतकाचा आधारच वाटला. दहा दिवस बाहेर पडायचं नाही, म्हणजे त्या खोलीत जायला नको. पेशी मरून गेल्या तर बरं, असंही मनात येऊन गेलं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

बुधवारी सकाळी काका अस्थी आणायला गेले. घरात आई, मी आणि आत्या, बाबांची धाकटी बहीण. बिनफोडणीच्या आमटीचा वास घरभर होता. आई भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम म्हणाली, "आज बुधवार. तुझ्या पेशींचं खाणं असेल ना?"

मी म्हटलं, "असू दे."

"सुतकात कुठे बाहेर पडते ती," आत्या म्हणाली. "अहो वहिनी, दहा दिवस देवांनाही नैवेद्य नाही. ते राहतात उपाशी, मग हिच्या पेशींना काय झालं?"

"देवांना सवय आहे वन्सं," आई म्हणाली. "पेशींना नाही."

मी उठून स्कूटरची किल्ली घेतली. आई उठून माझ्या मागोमाग दारापर्यंत आली. मी चपला घालत होते. तिने हळू आवाजात विचारलं, "सोमवारी त्यांनाच घालत होतीस ना खायला?"

मी मान वर केली नाही. "हो."

"मग आता मध्येच सोडू नकोस."

स्कूटर कुठल्या रस्त्याने नेली ते आठवत नाही. फोन ड्रॉवरमध्ये ठेवताना मात्र हात बराच वेळ आतच राहिला. मग खोलीत गेले. पंख्याची ती संथ, एकसुरी घरघर, हात आत घालून काम करायच्या काचेच्या पेटीतला पांढरा उजेड. पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं. डबीतला द्रव पिवळा पडला होता. भुकेल्या पेशींचं पाणी असंच पिवळं पडतं. काही दोरे सुटून गेले होते, बरेचसे तळाला धरून होते. मी जुना द्रव काढला, नवा भिंतीवरून सोडला, थेंबाथेंबाने. मास्क ओला झाला तेव्हा हात बाहेर काढून थांबले, मास्क बदलला, पुन्हा हात आत घातले.

नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एक लांब दोरा किंचित आखडला. मला वाटलं, टेबलाला धक्का लागला असेल. मी हात मांडीवर घेतले, श्वास धरून बसले. तो पुन्हा आखडला आणि सैल झाला. शेजारचे स्वस्थ होते. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक.

घरी आले तेव्हा आईने विचारलं, "आहेत?"

"आहेत. सगळ्या नाहीत. एक हलत होती."

"आपली आपण?"

"आपली आपण."

आई त्यावर विचार करत राहिली. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि माझ्या हातात देत म्हणाली, "आता परत कधी?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी पोस्टातली माणसं यायचीत भेटायला. मी सांगेन, मुलगी खायला घालायला गेलीय म्हणून. कुणाला, ते विचारायचं धाडस नाही व्हायचं त्यांना."