गच्चीवरचा ढग

मला हे सांगायचंच नव्हतं. आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्याचा दिवाळी अंक निघतोय आणि त्यात प्रत्येकाने आपली एक फजिती लिहायची, असं ठरलं. कुणी ठरवलं? ज्यांच्या आयुष्यात एकही फजिती नाही त्यांनी. बाकीचे लिहिणार, कवळी हरवली, चुकीच्या लग्नात जेवलो. माझी मात्र अख्ख्या घणसोली गावाने पडद्यावर पाहिली आहे, म्हणून मला सोडत नाहीत. मी चौथी नापास. लिहितो तसं वाचा, चुका काढायच्या नाहीत.

सुरुवात झाली गच्चीवरच्या खोलीपासून. माझी मुलगी सुनंदा सासरचा जाच सोडून घरी आली, तेव्हा तिच्यासाठी आणि तिच्या शिलाई मशीनसाठी मी वर एक खोली बांधली. चार भिंती, वर पत्रा. परवानगी? गावठाणात परवानगी विचारणारे तुम्हीच पहिले. पण कागद नाही म्हणजे भीती आली. पालिकेची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली तरी मी गच्चीचं दार लावून घेतो. मागे एकदा ती नुसती डास मारायची गाडी निघाली, तरी मला दुपारी घास गिळवला नाही. खोली पडली तर ती पोरगी जाणार कुठे? परत त्याच दारात?

तर एका संध्याकाळी गावदेवीच्या देवळापुढे बसलो होतो. तिथे माझा शेजारी आला. माझं घर खाडीच्या बाजूला, त्याचं लगेच मागे डोंगराच्या बाजूला. दोघे एकाच मिठागरात वाढलो. त्याचं नाव आत्ता घेत नाही. घेतलं तर डोकं फिरेल आणि पुढचं सांगायचं राहील.

म्हणाला, "परशा, ऐकलंस का? परवा गावावरून कॅमेरा उडनार हाय."

"कसला कॅमेरा?"

"वरून फोटो काढनारा. कोनाच्या गच्चीवर काय हाय, सगला येनार त्यात."

आणि तोंड असं, जसा मयताला आलाय. मी घरी कसा पोचलो मला माहीत नाही.

आमच्या खालच्या खोलीत एक मास्तर भाड्याने राहतात. साताऱ्याकडचे, शाळेत भूगोल शिकवतात. त्यांना विचारलं, वरून फोटोत खरंच सगळं दिसतं का हो? मास्तरांना कुणी काही विचारलं की आनंद होतो. त्यांनी मोबाइल काढला आणि एकदम अख्खी पृथ्वीच दाखवली. निळी, गोल, वर पांढरे पुंजके. आजूबाजूला काळंकुट्ट. मला ते काळं बघूनच कसंतरी झालं. एवढ्या अंधारात हिला कुणी टांगली?

मास्तर म्हणाले, "काका, ही कडेची निळी रेघ दिसते का? एवढीच काय ती हवा. कांद्याचा वरचा पापुद्रा असतो ना, तेवढी. वर गेलं की संपली."

म्हणजे आपण सगळे, म्हशी, ट्रक, एमआयडीसीच्या चिमण्या, त्या एका पापुद्र्यात? मी तर खोली वाचवायला गेलो होतो, इथे श्वासाचाच भरवसा गेला. त्या दिवशी मी बिडी पेटवली नाही. बायकोलाही सांगितलं, जरा हळू श्वास घे.

म्हातारी म्हणाली, "तुमी बोलायचं बंद करा. लय हवा वाचंल."

मग मास्तरांनी बोटं फाकवली आणि पृथ्वी मोठी होत गेली. समुद्र आला, खाडी आली, गाव आलं, आमची गल्ली आली. आणि माझी गच्ची. पत्रा नुसता चमकत होता. दोरीवरची सुनंदाची साडीसुद्धा दिसत होती. मी मोबाइलच पालथा घातला. हा जुना फोटो आहे, आत्ता कुणी बघत नाहीये, असं मास्तरांनी समजावलं. मी म्हटलं, जुन्यात साडी दिसते, तर नव्यात माझ्या डोक्यावरचे केस मोजतील.

यातून वाचायचं कसं? वर निळी ताडपत्री टाकतो म्हटलं, तर मास्तर म्हणाले ती आणखी लांबून दिसेल. मग ते सहज बोलून गेले, "ढग आला तर मात्र काही दिसत नाही बघा. नाहीतर दाट धूर."

झालं. मास्तर झोपायला गेले आणि माझ्या डोक्यात ढग तयार व्हायला लागला.

परव्याचा दिवस उजाडला. त्याच दिवशी मागच्या घरी, म्हणजे त्या शेजाऱ्याच्या नातवाची हळद होती. मांडव पडला होता, बँडवाले आले होते. त्याच्या घरच्या सगळ्या बायकांचे पिवळे ब्लाउज सुनंदानेच शिवलेले. मला आमंत्रण होतं, पण मला हळद सुचते कुठे? सकाळपासून मी आभाळाकडे बघत होतो. एक घार फिरत होती, तिच्यावरसुद्धा माझा संशय. ती पंख का हलवत नव्हती, तुम्हीच सांगा.

मी लोखंडी घमेलं घेतलं. त्यात नारळाची सोडणं, वर कडुलिंबाचा ओला पाला, वर भिजवलेलं गोणपाट. गोठ्यातले डास पळवायला आम्ही हेच करायचो. मग सकाळीच वारा बघायला एक बिडी पेटवली. धूर डोंगराकडून खाडीकडे गेला. बरोबर. म्हणून घमेलं ठेवलं गच्चीच्या डोंगराकडच्या टोकाला. म्हणजे धूर सगळ्या गच्चीवरून, खोलीवरून सरकत खाडीकडे जाणार. मी स्वतःवर खूश. चौथी नापास माणसाने ढग बनवला होता, नुसता पेटवायचा बाकी होता.

ऊन उतरलं आणि घूं घूं असा आवाज आला. मागच्या बाजूने ते वर आलं. चार हातांचं, पोटाशी एकच डोळा. मी देवाचं नाव घेतलं आणि काडी ओढली.

धूर असा निघाला की मलाच कौतुक वाटलं. काळा, दाट, म्हशीच्या पाठीसारखा. पण तो माझ्याकडे येईना. तो उठला आणि सरळ पाठ फिरवून डोंगराकडे निघाला. खाली मांडवात. आधी बँड थांबला. मग खोकला. मग पिवळ्या साड्यांतल्या बायका पदर नाकाला लावून रस्त्यावर. अंगभर हळद लावलेला नवरदेव डोळे चोळतोय, म्हणजे ती हळदही डोळ्यात. कुणीतरी ओरडलं, मांडव पेटला.

आणि ते चार हातांचं धूड? धुरात त्याला काही दिसेना. चाचपडत, हेलपाटत ते बाहेर पडलं ते जिथे स्वच्छ होतं तिथे. अख्ख्या गल्लीत स्वच्छ एकच जागा होती. माझी गच्ची.

ते सरळ माझ्यावर आलं. माझी लुंगी सुटत आलेली. पळावं असं फार वाटलं, खोटं नाही सांगत. पण मागे खोलीत मशीन चालू होती, तिचा आवाज येत होता. मी दारात जाऊन दोन्ही हात पसरले, एका हातात ओलं गोणपाट.

म्हटलं, "पोरीची खोली हाय ही. पाडायची तर आधी मला पाड."

मशीन थांबली. सुनंदा कात्री घेऊन बाहेर आली. तिने त्या डोळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, घमेल्याकडे बघितलं.

"बाबा, तो मागच्यांच्या हळदीचा ड्रोन आहे. शूटिंगवाला." मग जरा थांबली. "लुंगी सावरा. येतंय सगळं."

मी मटकन खाली बसलो. मास्तर धापा टाकत वर आले. त्यांना धुराचं काही नाही, भूगोलाचंच दुःख. म्हणाले, "अहो काका, सकाळी मतलई वारा, दुपारनंतर खारा. खाडीकडून डोंगराकडे. हे तर मिठागरवाल्यांनी आम्हाला सांगायचं."

आता बोला. उभी जवानी मी मिठागरात काढली. दुपारी वारा फिरला की पाठीवरचा घाम वाळायचा, त्यावरून आम्ही वेळ ओळखायचो. आणि तोच वारा मी विसरलो.

पण गोष्ट तिथे संपली असती तर मी ही लिहिली नसती. लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर हळदीचं शूटिंग लावलं. नुसता काळा धूर. धूर, धूर, मध्येच एक पिवळा हात, परत धूर. आणि मग एकदम लख्ख चित्र. माझी गच्ची, सुनंदाची खोली, पत्र्यावरचा खिळा न् खिळा, आणि दारात हात पसरून मी, अर्ध्या लुंगीत.

पुढच्याच खुर्चीवर पालिकेचे वॉर्डातले साहेब. माझ्या हातातला लाडू हातातच राहिला. साहेबांनी मान तिरकी केली, नीट बघितलं आणि माझ्या शेजाऱ्याला विचारलं, हे कोण?

तो म्हणाला, "आमचा परशा हाय, सायेब. वाऱ्याचा लय जानकार."

हॉल हसला. साहेबही हसले आणि जेवायला उठले. खोलीचं नाव कुणी काढलं नाही. आज ती उभी आहे, हे लिहितोय तेव्हा वर मशीन चालू आहे. तरी घार दिसली की मी आत जातो.

आता गाव म्हणतं, नातवाच्या हळदीत धूर केलास, माफी माग. मी का मागू? कॅमेरा उडणार हे सांगितलं, कुणाचा ते सांगायला काय झालं होतं? दोन दिवस माझा जीव त्या पापुद्र्याएवढा केला. माफी त्याने मागायची. सुनंदा म्हणते त्याचं नाव छापू नका. छापा. जनार्दन गोमा म्हात्रे.